रथ, घोडे आणि स्वदेशाभिमान



गेल्या हिवाळ्यात भाषांतराच्या कामानिमित्त माझे चंडीगडला जाणे झाले. तेथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाने माझा पाहुणचार केला. गृहस्थ मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले, लष्करातून निवृत्त होऊन तेथेच स्थायिक झालेले. मुलगा जवळच मोहालीला नोकरीस आहे. रविवारची उपासना आटोपून आम्ही जेवावयास बसलो आणि घरात काही दिवसांपासून चाललेला एक वाद माझ्यासमोर पुन्हा सुरू झाला. जुनी गाडी विकून नवी घ्यावयाची होती. वडिलांचे म्हणणे, गाडी घ्यायची तर आपल्या देशातल्या कंपनीचीच. मुलाला एका कोरियन कंपनीची गाडी पसंत होती. तो म्हणाला, "पप्पा, ती गाडीसुद्धा तामिळनाडूतच तयार होते. तिथले कामगार काय कोरियातून येतात?"

वडील काही वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुला नाही कळायचे. मी तीस वर्षे वर्दी घातली. तरीही लोक विचारतात, तुमचा धर्म बाहेरचा, मग तुमचे मन कुठले? निदान दारात उभी असलेली गाडी तरी त्यांना उत्तर देईल." आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "भाऊसाहेब, तुम्ही देवाच्या वचनाचे भाषांतर करता. तुम्हीच सांगा, ख्रिस्ती माणसाने काय करावे?"

मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय टाळला. पाहुण्याने बापलेकांच्या वादात पडू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. परंतु खरे कारण हे, की माझ्यापाशी उत्तर नव्हते. परतीच्या प्रवासात तो प्रश्न माझ्याबरोबर आला आणि अद्याप गेलेला नाही. त्या गृहस्थांचे ऋण या लेखाने फेडण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न केवळ त्यांच्या घरचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो कधी ना कधी डोकावून गेला असेल.

गाडीचा देश कोणता?

प्रथम मुलाचा मुद्दा घेऊ. कारण तो वस्तुस्थितीचा आहे. गाडी भारतीय आहे की परकी, हे ठरवावे कसे?

एकेकाळी हा प्रश्न पडतच नव्हता. रस्त्यावर मुख्यतः दोन गाड्या असत. ॲम्बॅसेडर आणि फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. ॲम्बॅसेडर ही तर जणू सरकारची आणि देशाचीच गाडी. पण तिचा आराखडा मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीचा होता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी पद्मिनी मूळची इटलीची. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि २०१७ मध्ये तिचे नावही ८० कोटी रुपयांना एका फ्रेंच कंपनीला विकले गेले.

मारुतीची कथा याच्या उलट आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला दिली गेली, तेव्हा कंपनी सरकारची होती आणि जपानच्या सुझुकीचा तीत लहान वाटा होता. २००२ मध्ये सुझुकीकडे बहुमत आले. २००७ मध्ये सरकारने आपला उरलेला वाटाही विकला. म्हणजे नाव अंजनीसुताचे, मालकी जपानची, कारखाना गुडगावचा. शिवाय २०२४ पासून तिची भारतात बनलेली एक गाडी जपानमध्येच विक्रीसाठी जाऊ लागली!

आणि ज्या कंपन्यांना आपण निःशंकपणे देशी म्हणतो, त्यांचे काय? टाटांनी मालमोटारी बांधावयास आरंभ केला तो १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून. १९९८ च्या इंडिका या गाडीचा बाह्य आकार घडवण्यास इटलीतील तुरीनच्या एका संस्थेचे साहाय्य घेतले होते. चंडीगडहून जवळ असलेल्या लुधियान्यात २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा कंपनीची स्थापना झाली, तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असे होते. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. देश दुभंगला, तशी पाटीही दुभंगली.

तेव्हा मुलगा म्हणत होता त्यात तथ्य आहे. गाडीच्या तोंडावरचे चिन्ह पाहून तिचा देश सांगता येत नाही. आराखडा एका देशाचा, भांडवल दुसऱ्याचे, हात तिसऱ्याचे, असा तो संसार आहे.

वडिलांची वेदना

परंतु एवढ्याने वडिलांचा प्रश्न सुटत नाही. कारण त्यांचा प्रश्न मुळात गाडीचा नव्हताच.

आपल्या देशात परदेशी मालाचा प्रश्न हा कधीच निव्वळ व्यापाराचा नव्हता. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत, काळबादेवीच्या परिसरात, परदेशी कापड घेऊन निघालेल्या मोटारलॉरीच्या वाटेत बाबू गेनू हा गिरणी कामगार आडवा झाला. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा तो गरीब शेतकऱ्याचा मुलगा. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. ज्याच्यापाशी देशाला देण्याजोगे स्वतःच्या देहाखेरीज काही नव्हते, त्याने तो दिला. अशा माणसाच्या भूमीत राहणाऱ्याने स्वदेशीची थट्टा करू नये. ज्याला आपल्या भूमीविषयी, तिच्या कारागिरांविषयी आपुलकी नाही, त्याची विश्वबंधुत्वाची भाषा बहुधा पोकळच असते.

आपल्या ख्रिस्ती समाजाच्या वाट्याला मात्र आणखी एक दुःख आले. आपल्या आजोबा-पणजोबांना 'साहेबाच्या धर्मात गेलेले' असे हिणवले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात, भजनात आणि कीर्तनात आणली. ख्रिस्त या मातीला परका नाही, हे त्यांनी गाऊन सांगितले. त्यांच्या निधनाला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी एका निवृत्त सैनिकाला आजही आपले मन कुठले ते सिद्ध करावेसे वाटते. 'दारातली गाडी तरी उत्तर देईल' हे त्यांचे वाक्य मी विसरू शकत नाही. त्यामागे अभिमानापेक्षा जखम अधिक होती.

तेव्हा, वाचकहो, आपल्यापुढील खरा प्रश्न असा आहे : विकत घेतलेल्या वस्तूने देशप्रेम सिद्ध होते काय? आणि होत नसेल, तर खरेदीशी देशप्रेमाचा काही संबंधच नाही काय?

शलमोनाचे घोडे

पवित्र शास्त्रात वाहनांच्या आयातीचा विषय आहे, हे ऐकून कदाचित आपणांस नवल वाटेल. अनुवाद या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात इस्राएलाच्या भावी राजासाठी नियम दिले आहेत. त्याने आपल्यासाठी पुष्कळ घोडे बाळगू नयेत आणि घोडे वाढवण्यासाठी लोकांना पुन्हा मिसर देशात पाठवू नये, असे तेथे बजावले आहे. आता १ राजे १० वा अध्याय उघडा. शलमोनाने नेमके हेच केले. त्याचे चौदाशे रथ होते आणि बारा हजार स्वार. मिसरातून आणलेल्या एका रथाला रुप्याचे सहाशे शेकेल पडत आणि एका घोड्याला दीडशे. शास्त्रलेखकाने भाव नोंदवून ठेवला आहे, एवढी ती गोष्ट लक्षणीय होती.

वरवर पाहता हा स्वदेशीचाच नियम वाटेल : परदेशी घोडा घेऊ नका. परंतु संदर्भ नीट वाचला म्हणजे ध्यानात येते, की घोडा परका आहे ही नियमशास्त्राची तक्रार नाही. तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली, मिसर हे दास्यगृह होते. जेथून देवाने हात धरून बाहेर काढले, तेथेच वैभवासाठी परत जाणे म्हणजे दास्याशी पुन्हा सौदा करणे. दुसरी तक्रार त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनात आहे : राजाचे हृदय आपल्या बांधवांहून उंच होऊ नये. घोड्यावर बसलेला माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा उंच दिसतो. हळूहळू त्याला वाटू लागते, की आपण उंच आहोतच.

शलमोनाच्या बाबतीत पुढे काय घडले ते आपण जाणता. रथांचे आणि बांधकामांचे ते वैभव प्रजेच्या पाठीवर उभे होते. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी रहबामाकडे जोखड हलके करण्याची याचना केली. ती धुडकावली गेली आणि वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडमार करून ठार केले. राज्य दुभंगले. पाहा, राष्ट्राच्या दिमाखासाठी आणलेले रथ राष्ट्राला एकत्र ठेवू शकले नाहीत.

येथे भाषांतरकार म्हणून एका शब्दाविषयी सांगावेसे वाटते. यिर्मयाच्या नवव्या अध्यायात ज्ञान्याने ज्ञानाचा, बलवानाने बळाचा आणि धनवानाने धनाचा अभिमान मिरवू नये असे सांगितले आहे. तेथे जे इब्री क्रियापद आहे, त्याचा धातू 'हालल', म्हणजे स्तुती करणे. आपण उपासनेत 'हालेलूया' म्हणतो, तो शब्द याच धातूचा. फरक एवढाच, की 'हालेलूया'त स्तुती देवाकडे जाते आणि बढाई मारताना तीच स्तुती वळून स्वतःकडे येते. म्हणजे गर्व हे वाट चुकलेले स्तोत्र आहे! म्हणूनच यिर्मया अभिमान मुळातून उपटून टाकीत नाही. तो त्याची दिशा बदलतो : देव दया, न्याय आणि नीतिमत्त्व चालवतो, त्याची ओळख असण्याचा अभिमान बाळगावा. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आरंभी याच वचनाचा आधार घेतो.

मीही यातून सुटलेलो नाही. २००८ मध्ये टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर या इंग्रजांच्या नामांकित गाड्यांची कंपनी विकत घेतली, तेव्हा माझी छाती फुगली होती. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांची गाडी आता आपली! त्या विजयात माझा काडीचाही वाटा नव्हता. माझ्यापाशी तेव्हा एक जुनी स्कूटर होती. आज विचार करतो तेव्हा दिसते, की त्या आनंदात देशबांधवांवरील प्रेम थोडे होते आणि कोणाला तरी खाली पाहावयास लावल्याचे सुख अधिक. माझी स्तुती माझ्याकडेच वळून आली होती.

एका जिल्ह्याच्या तीन गोष्टी

देशाभिमान आणि देशप्रेम यांतील अंतर मला एका जिल्ह्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तो जिल्हा म्हणजे पश्चिम बंगालमधील हुगळी.

या जिल्ह्यातील सेरामपूर हे आम्हा मराठी भाषांतरकारांचे मूळपीठ. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये मराठीत आणले. पुढे १८११ मध्ये संपूर्ण नवा करार निघाला. कारखाना परक्याचा, पंडित आपला, ग्रंथ यहुदी आणि ग्रीक भूमीतून आलेला. तरी आज ते वचन परके आहे असे कोणता मराठी ख्रिस्ती मनुष्य म्हणेल? त्यात आपल्या आजीच्या प्रार्थना मिसळल्या आहेत. जे बाहेरून येते ते आपल्या माणसांच्या सेवेत झिजले, म्हणजे आपले होते.

याच जिल्ह्यात, सेरामपूरहून फार दूर नसलेल्या उत्तरपाड्याला, ॲम्बॅसेडरचा कारखाना होता. तो २०१४ मध्ये बंद पडला तेव्हा देशभर लोकांनी जुन्या आठवणींचे उमाळे काढले. ज्यांची रोजी त्या कारखान्यावर होती, त्यांची आठवण किती जणांना झाली?

आणि याच जिल्ह्यात सिंगूर आहे. सर्वसामान्य माणसाला परवडेल अशी स्वस्त भारतीय गाडी, नॅनो, तेथे तयार व्हावयाची होती. हेतू चांगला होता. स्कूटरवर चौघांना बसवून पावसात जाणाऱ्या कुटुंबाचा विचार त्यामागे होता. त्यासाठी सुमारे हजार एकर जमीन घेण्यात आली. पुष्कळ शेतकऱ्यांनी ती राजीखुशीने दिली नव्हती. आंदोलन पेटले, २००८ मध्ये प्रकल्प गुजरातेत साणंदला हलवावा लागला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन रद्द ठरवून जमीन परत करण्याचा आदेश दिला. मला नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो. अहाबाने नाबोथाला बदली मळा किंवा पैसा देऊ केला होता. वाडवडिलांचे वतन द्यावयाचे नाही, एवढेच नाबोथ म्हणाला, आणि त्या 'नाही'पायी त्याचा जीव गेला. दोन घटना सारख्या नाहीत, हे मी जाणतो. परंतु गरिबाचे 'नाही' ऐकण्याची तयारी राष्ट्राच्या अभिमानाला नसते, हे दोन्हींत दिसते. गाडी शंभर टक्के देशी असली, म्हणून तिच्या चाकाखाली देशबांधव येत नाही असे नव्हे.

घाम कोणाचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील हंसलपूर येथे सुझुकीच्या कारखान्यात बोलताना पंतप्रधानांनी स्वदेशीची एक व्याख्या केली. पैसा कोणाचाही असो, घाम माझ्या देशवासीयांचा असला म्हणजे ती वस्तू स्वदेशी, असा तिचा आशय होता. चंडीगडच्या त्या मुलाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. मला ही व्याख्या केवळ चिन्हाकडे पाहणाऱ्या व्याख्येपेक्षा चांगली वाटते. कारण ती आपली नजर पाटीवरून माणसाकडे नेते. परंतु शास्त्र वाचणाऱ्याला तेथेच थांबता येत नाही. घाम कोणाचा हे विचारल्यावर, त्या घामाचे मोल मिळाले काय, हे विचारावेच लागते. ज्यांनी शेत कापले त्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचतो, असे याकोबाने पाचव्या अध्यायात लिहिले आहे. हरियाणातील मानेसरच्या मोटार कारखान्यात २०११ आणि २०१२ मध्ये कामगारांचा मोठा संघर्ष झाला. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या वेतनातील तफावत हे त्यातील एक महत्त्वाचे कारण होते. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि २०१७ मध्ये तेरा कामगारांना जन्मठेप झाली. त्या अधिकाऱ्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्या कामगारांचीही घरे उद्ध्वस्त झाली. हिंसेचे समर्थन ख्रिस्ती माणूस कधीच करणार नाही. पण एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन बांधवांना वेगळे दाम मिळते, याची आपण गाडी घेताना कधी चौकशी केली आहे काय? आपण रंग विचारतो, मायलेज विचारतो, हप्ता विचारतो.

आणखी एक उदाहरण. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली. त्यांत टाटांची नॅनो होती, मारुती सुझुकीची गाडी होती, तसेच अमेरिकन, कोरियन आणि जर्मन कंपन्यांच्याही गाड्या होत्या. प्रौढ प्रवाशाच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पाच गाड्यांवर पाच देशांची चिन्हे होती. भारतीय प्रवाशाचा जीव मात्र सर्वांना सारखाच स्वस्त होता! त्यानंतर ग्राहक प्रश्न विचारू लागले, नियम कडक झाले आणि २०१८ मध्ये टाटांच्याच नेक्सॉन या गाडीला पाच तारे मिळाले. आपल्या देशाच्या मालाचे दोष झाकणे हे देशप्रेम नव्हे. दोष दाखवून तो सुधारावयास लावणे हे देशप्रेम. यशया आणि यिर्मया यांच्याहून अधिक आपल्या राष्ट्रावर कोणी प्रेम केले? आणि त्यांच्याहून कठोर शब्द कोणी उच्चारले?

शेजारी कोण?

१४ फेब्रुवारी १९१६ रोजी मद्रास येथे मिशनऱ्यांच्या परिषदेत महात्मा गांधी स्वदेशीवर बोलले. दूरच्या गोष्टी सोडून आपल्या निकटच्या परिसराचा उपयोग करण्याची आणि त्याचीच सेवा करण्याची वृत्ती, असा अर्थ त्यांनी स्वदेशीला दिला. म्हणजे स्वदेशीचा गाभा शेजाऱ्याची सेवा हा होता. पुढे १९२१ मध्ये विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा त्यांचे ख्रिस्ती स्नेही चार्ल्स अँड्र्यूज यांनी त्यांना विरोध कळवला. माणसांनी घाम गाळून विणलेले वस्त्र जाळणे त्यांच्या मनाला पटले नाही. गांधीजींनी तो विरोध आपल्या पत्रात छापला आणि आपली बाजूही मांडली. मतभेद झाला, मैत्री तुटली नाही. आजच्या वादांत हे दृश्य किती दुर्मिळ झाले आहे!

प्रभू येशूनेही शेजाऱ्याचाच प्रश्न घेतला, पण त्याने तो उलटा केला. 'माझा शेजारी कोण?' असे शास्त्र्याने विचारले. त्याला सीमारेषा हवी होती. प्रभूने दाखला सांगून विचारले, घायाळ माणसाचा शेजारी कोण झाला? त्या दाखल्यात एक वाहन आहे. शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. ते जनावर कोणत्या देशातल्या बाजारातून आणले होते, याची नोंद लूकाने केलेली नाही. त्यावर कोणाला बसवले, याची केली आहे. आणि ज्याने बसवले तो स्वतः परका होता. यरीहोच्या त्या वाटेवरून स्वदेशी याजक आणि स्वदेशी लेवी आधीच निघून गेले होते.

म्हणून, चंडीगडच्या माझ्या यजमानांना मी आज असे उत्तर देईन.

भारतीय कंपनीची गाडी घ्यावी असे आपल्याला वाटते, तर जरूर घ्या. आपला पैसा आपल्या देशातल्या उद्योगाकडे जावा, येथील मुलांना काम मिळावे, ही इच्छा सात्त्विक आहे. मुलाची निवड वेगळी झाली, तर त्याला देशद्रोही समजू नका. परंतु शेजाऱ्याच्या संशयाला उत्तर म्हणून गाडी घेऊ नका. गाडीने ते उत्तर मिळणार नाही. आज गाडी दाखवाल, उद्या दुसरे काही दाखवावे लागेल. भीतीपोटी केलेले देशप्रेमाचे प्रदर्शन हेही एक दास्यच आहे. आपण तीस वर्षे सीमेवर काढली, ते कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. बंदिवासात गेलेल्यांना यिर्मयाने २९ व्या अध्यायात सांगितले, की ज्या नगरात राहता त्याचे कल्याण चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा. परक्या नगराविषयी ही आज्ञा, तर आपल्या स्वतःच्या देशाविषयी किती अधिक! तेथील लोक आपणांस आपले मानतात की नाही, अशी अट त्या आज्ञेला नाही.

आणि घेण्यापूर्वी बापलेकांनी मिळून काही प्रश्न स्वतःला विचारा. आपल्याला गाडीची गरज किती आहे आणि दिमाखाची किती? ही गाडी घेण्यासाठी काढलेले कर्ज घराला मिसरात तर नेणार नाही? ज्या हातांनी ती बांधली, त्यांना न्याय मिळतो काय, हे समजून घेण्याचा आपण प्रयत्न केला काय? आत बसणाऱ्यांचा आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांचा जीव तिच्यापासून सुरक्षित आहे काय? शेवटचा प्रश्न असा, की रविवारी तिच्यात आपल्याखेरीज आणखी कोणाला जागा मिळेल?

चंडीगडमध्ये हे प्रश्न अधिकच टोचतात. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. तेथे नोंद झालेल्या वाहनांची संख्या आज त्याहून अधिक आहे. २०२२ मध्ये तेथील लिलावात एका नागरिकाने ०००१ हा क्रमांक १५ लाख ४४ हजार रुपयांना घेतला आणि तो सुमारे ७१ हजारांच्या एका स्कूटरवर लावण्याचे ठरवले. आपण हसतो, पण आपल्या प्रत्येकाच्या हृदयात असा एक पहिला क्रमांक दडलेला असतो. कोणाचा क्रमांकाच्या पाटीवर, कोणाचा परदेशी चिन्हात, तर कोणाचा 'माझा देश पहिला' या घोषणेत.

परतण्याच्या दिवशी सकाळी मी तेथील 'खुला हात' हे शिल्प पाहावयास गेलो. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी होती. घायाळ झालेल्या नव्या राष्ट्राने स्वाभिमान म्हणून परक्याला दूर ठेवले नाही. ल कार्बुझिए या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या वास्तुशिल्पकाराला बोलावले. त्यांचे चुलतबंधू पिएर झनरे तर वर्षानुवर्षे तेथेच राहिले आणि मृत्यूनंतर त्यांची रक्षा तेथील सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. अनेक खेड्यांनी जमीन गमावली आणि त्यांवर हे शहर उभे राहिले, हेही विसरता कामा नये. २६ मीटर उंचीचे ते शिल्प १९८५ मध्ये उभे राहिले. तो हात वाऱ्याबरोबर फिरतो. देण्यासाठी आणि घेण्यासाठी उघडलेला हात, असा अर्थ त्याच्या निर्मात्याने त्याला दिला होता.

वळलेल्या मुठीत दुसऱ्याचा हात धरता येत नाही. जे चांगले जेथून येईल तेथून कृतज्ञतेने घ्यावे, ते आपल्या बांधवांच्या सेवेत लावावे आणि आपल्याजवळ जे आहे ते जगाला द्यावे, असे देशप्रेम ख्रिस्ती माणसाला शोभते.

विसाव्या स्तोत्रात कोणी रथांचा तर कोणी घोड्यांचा आधार मिरवतो आणि भक्त मात्र परमेश्वराच्या नावाचा आधार घेतात, असा विचार आहे. मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ 'आठवण करणे, नाव घेणे' असा होतो. संकटकाळी आणि वैभवातही आपल्या ओठांवर नाव कोणाचे येते, हे तेथे तपासले आहे. वाचकहो, नवी गाडी दारात उभी राहील तेव्हा आपण पाळकांना बोलावून प्रार्थना करतोच. त्या वेळी एवढे अवश्य मागू या, की हे प्रभो, या वाहनामुळे आमचे हृदय आमच्या बांधवांहून उंच होऊ देऊ नकोस, आणि वाटेत पडलेला कोणी दिसला, तर त्याला त्यात बसवण्याचे मन आम्हांस दे.